पाचवी वाटी सुरात येईना

३ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी रक्तदाब मोजायचा आणि लिहून ठेवायचा. म्हणून ही वही. पण आज यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळतेय तोच मिनांग घरात शिरली आणि म्हणाली, "पारा, आधी खाली बस." मी बसलेलीच होते.

मिनांग माझ्या थोरल्या भावाची, सारिपादाची बायको. त्याआधी माझी शाळेतली मैत्रीण. वाईट बातमी सांगायला घरचे नेहमी तिलाच पाठवतात, कारण सांगताना तिचा चेहरा आनंदी दिसतो.

आमचा कुलिंतांग, आठ पितळी वाट्यांचं वाद्य, पलीकडच्या गावात एका लग्नाला नेला होता. काल परत येताना जीपनी गाडीच्या टपावरची दोरी घाटात सुटली. आठांपैकी सात वाट्या रस्त्याकडेच्या गवतात सापडल्या. पाचवीवरून ट्रक गेला.

मी ती हातात घेऊन मधल्या टेंगळावर काठी मारली. घशात काटा अडकलेल्या बोकडासारखा आवाज आला. माझ्या आईची वाटी. आईच्या आधी तिच्या मावशीची. स्थापना दिनाला काबोलावान गाव हाच संच ऐकत आलंय.

दुपारी नगराध्यक्ष आले. चेहरा सुतकी, पण तोडगा सोबत घेऊनच. "शेजारचं गाव आपला संच द्यायला तयार आहे. त्यांनी स्वतःहून फोन केला."

सारिपादा बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. मग म्हणाला, "घ्या ना. त्यांच्याच बायका वाजवायला आणा. भातही त्यांचाच आणा. भाषणही त्यांच्याच नगराध्यक्षांना करू द्या. आपण घरी बसून ऐकू."

नगराध्यक्षांनी तो विषय परत काढला नाही. आमच्याकडे माणूस दोन दिवस भाताशिवाय काढेल, मानाशिवाय एक सकाळ नाही.

नवी वाटी ओतून घ्यायची असं ठरलं. स्थापना दिन ऑक्टोबरच्या बारा तारखेला. रक्तदाब मोजायचा राहिला.

६ ऑगस्ट

मिनांगला घेऊन खाली तळ्याकाठी ओतारआळीत गेले. मांगोर्सी ओतारी आमच्याच ताफ्यात आगुंग वाजवतो. ती टांगलेली मोठी घंटा घेऊन वीस वर्षं माझ्या पाठीमागे उभा आहे. या वीस वर्षांत आमचं बोलणं झालंय ते "हळू" आणि "आता", एवढंच. दोन्ही मीच म्हणते.

त्याने फुटकी वाटी कानाशी धरली, बोटाने टिचकी मारली, डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

"संच इथे ठेवून जा," तो म्हणाला. "बाकीच्यांशी जुळवून बघावं लागेल."

"संच एकदा घराबाहेर गेला त्याचं काय झालं ते तुमच्या हातात आहे."

"मग सूर कसा लावणार, बाई?"

"चौथी आणि सहावी मी घेऊन येईन. तुम्ही ओतलीत की निरोप पाठवा."

"म्हणजे तुम्हाला दर वेळी यावं लागेल."

"दर वेळी म्हणजे? किती वेळा ओतणार आहात?"

तो म्हणाला, पितळेचं काही सांगता येत नाही. इतका नावाजलेला ओतारी आणि बोलणं असं. सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून माणूस ढिला पडलाय असं लोक म्हणतात. मला आज पटलं.

१९ ऑगस्ट

निरोप आला, गेले. वाटी दिसायला देखणी, काठावरची वेलबुट्टी तर आईच्या वाटीपेक्षा सुबक. वाजवली तर चांगली खाली लागलेली. लहान पोरानेही सांगितलं असतं.

"खाली आहे," मी म्हटलं.

"हो का?" मांगोर्सी म्हणाला. त्याने स्वतः वाजवली, मान हलवली. "खरंच की. कान असावा तर असा."

याला ऐकूच आलं नव्हतं की काय? वीस वर्षं आगुंगच्या इतक्या जवळ उभं राहून कानावर परिणाम होत असेल. बिचारा.

आता परत मेणाचा साचा, परत माती, ती वाळवायची, भट्टी, ओतकाम, मग कानस. दहा-बारा दिवस गेले म्हणायचे. त्याने कॉफी दिली. कॉफी चांगली होती.

२ सप्टेंबर

या वेळी वाटी वर लागली. आधी खाली, आता वर. मी म्हटलं, "मांगोर्सी, तुम्ही मुद्दाम नेमका सूर टाळून दोन्ही बाजूंना नेम धरताय काय?"

त्याच्या हातातली हातोडी पडली. पायावर पडली असती.

मी सोबत पालापाची, आल्या-मिरचीच्या तिखट चटणीची, बरणी नेली होती. विकण्यासाठी भरलेल्यातलीच एक, मिरची जरा जास्त पडलेली, गिऱ्हाईकाला देता आली नसती. एकटा माणूस कोरडा भात गिळत असणार. त्याने झाकण उघडून वास घेतला. तिखट नाकात गेलं असावं, डोळ्यांत पाणी आलं.

वाटेत मिनांग म्हणाली, "हिरवा मालोंग छान दिसतो तुला. ईदला नेसतेस तो ना?"

"बाकीचे धुवायला टाकलेत."

"सगळे?"

"सगळे."

"गेल्या महिन्यात त्याने तळ्यापलीकडच्या लोकांना आख्खा संच ओतून दिला. आठच्या आठ. एकही परत आली नाही म्हणे."

"त्यांना कान नसतील."

मिनांग घर येईपर्यंत गाणं गुणगुणत होती. ती आनंदी असली की मला काळजी वाटते.

५ सप्टेंबर

दोहाहून माझ्या मुलाचा, नासरोदिनचा फोन. कागायान दे ओरोतलं त्याचं घर बांधून झालंय. सूनबाई आणि नातवंडं या महिन्यात राहायला जाणार. माझ्यासाठी रस्त्याकडच्या खिडकीची खोली ठेवलीय.

"इना, तिथे एकटी काय करतेस तू?"

"पालापा करते. कुलिंतांग शिकवते. तुझ्या मामाशी भांडते."

"ते कागायानहूनही करता येईल. मामाशी फोनवर भांड."

त्याचं चुकत नाही. त्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून पोर दर फोनला हेच विचारतंय. मी म्हटलं, स्थापना दिन होऊ दे, मग येते. तो इतका खूश झाला की मलाही आपण खूश आहोत असं वाटलं.

१३ सप्टेंबर

पाऊस. ओतारआळीतून निरोप नाही. रक्तदाब वाढला होता. जेवणात मीठ जास्त झालं असेल.

१८ सप्टेंबर

तिसरी वाटी. मी चौथी वाजवली, ही वाजवली, सहावी वाजवली. परत चौथीपासून.

"बसली की," मिनांग म्हणाली. भट्टीवरची त्याची बहीण तारहाता, तीही हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "ही तर तुमच्या आईचीच वाटी वाटते, बाई."

मी पुन्हा वाजवली. केसभर खाली आहे. म्हणजे खाली आहे असं मला तरी वाटलं. अशा गोष्टीत घाई करून चालत नाही. वाटी एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या वाजते. मी म्हटलं, "केसभर कमी आहे."

मांगोर्सी माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं चिडेल. कुणीही ओतारी चिडला असता. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर असेल. परत ओततो." आणि कॉफी ठेवायला असा लगबगीने उठला की पाट उलटला.

तारहाताने मिनांगकडे पाहिलं, मिनांगने तिच्याकडे. दोघींची इतकी ओळख कधी झाली कोण जाणे. मी मात्र मनात त्याला शंभर गुण दिले. चूक मान्य करणारा पुरुष आमच्या घराण्यात तरी मी पाहिलेला नाही.

२७ सप्टेंबर

निरोप नव्हता, पण मासे घ्यायला खाली गेलेच होते म्हणून डोकावले. (मिनांग म्हणाली, आपल्या दारात रोज मासेवाली येते. पण तळ्याकाठचा मासा ताजा असतो.)

तो दुसऱ्याच कुणाच्या कामावर कानस चालवत होता; आमच्या नव्या साच्याची माती अजून ओली आहे म्हणाला. आगुंगच्या ठेक्यांबद्दल बोललो. मी काठी उचलायच्या आधी खांदा किंचित वर करते, त्यावरून त्याला पुढचा ठेका कळतो म्हणाला. मला माहीतच नव्हतं माझा खांदा वर जातो. वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

मग सहज म्हणून सांगितलं, की स्थापना दिन झाला की मी कागायानला जाणार, नासरोदिनच्या घरी, कायमची.

कानस थांबली.

"तिथे तळं नाही," तो म्हणाला.

"समुद्र आहे."

"समुद्र फार मोठा असतो." जणू तो समुद्राचा दोष होता.

कॉफी आज मिळाली नाही. विसरला असेल.

२९ सप्टेंबर

सकाळी तारहाता एकटीच आली. केळीच्या पानात गुंडाळलेली वाटी माझ्या मांडीवर ठेवली. "भावाने पाठवलीय. म्हणाला, आता परत यायची तसदी नको."

चौकटीत बसवली आणि आठही वाजवल्या. दोष काढायला जागाच नाही. आईचा सूर, जसाच्या तसा. सारिपादा बाहेरून आत आला, दारातच उभा राहिला आणि टोपी काढली.

काम झालं, गावाची अब्रू राहिली, बारा दिवस हातात आहेत. मी आनंदात असायला हवं होतं. जेवले नाही. दुपारी हिरवा मालोंग घडी घालून पेटीत ठेवला, मग दुसऱ्या पेटीत ठेवला. कागायानला न्यायचं सामान कोणत्या पेटीत भरायचं तेच ठरत नाही.

१ ऑक्टोबर

आज पहाटे नमाजानंतर चूल पेटवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सत्तावीसला गेले तेव्हा तो म्हणाला होता, नवीन साच्याची माती अजून ओली आहे. मग एकोणतीसला वाटी आली कुठून? दोन दिवसांत भट्टी लावून, ओतून, घासून, सूर लावून?

तशीच खाली गेले. मिनांगला न सांगता निघाले, तरी ती वाटेत भेटलीच.

मांगोर्सी कारखान्यात एकटाच मूस साफ करत बसला होता.

"ही वाटी कधी ओतलीत?"

तो उभा राहिला. "ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये कधी?"

"सगळ्यात आधी. तुम्ही पहिल्यांदा ऐकायला आलात त्याच्या आदल्या दिवशी तयार होती. वाजवून बघितली, वीस वर्षं कानात बसलेल्या सुराशी जुळली, आणि फडक्यात गुंडाळून ठेवली."

"मग मला दाखवलीत ती?"

"ती दुसरी, सोबतच ओतलेली. ती मुद्दाम बिघडवली. बिघडवायला जास्त मेहनत लागते, बाई. हाताला सवय नाही ना." मूस खाली ठेवत तो म्हणाला, "चांगली दिली असती तर तुम्ही पदरात घालून निघून गेला असता. मग परत वर्षभर माझ्यासमोर फक्त पाठ."

मागे मिनांगला ठसका लागला.

मी म्हटलं, "सगळ्या गावाला माहीत होतं?"

"ओतारआळीला माहीत होतं."

ओतारआळीला माहीत म्हणजे तळ्यातल्या माशांनाही माहीत. मी सत्तावन्न वर्षांची बाई, हातात दोन वाट्या घेऊन हिरवा मालोंग नेसून उतार उतरत होते, आणि आळीतल्या बायका खिडकीत बसून माझी वाट बघत होत्या. कानशिलं तापली. तशीच परत फिरले.

२ ऑक्टोबर

मिनांगने शांतपणे आलं सोलायला घेतलं. मी तासभर बोलत होते. माणसाने असं फसवावं का, गावाची चेष्टा, आईच्या वाटीशी खेळ. ती सोलत राहिली.

शेवटी म्हणाली, "ती तिसरी आठवते? केसभर खाली होती ती?"

"तिचं काय?"

"तारहाताने मला दिलीय. माझ्या घरी होती. काल संध्याकाळी तू नमाजाला बसलीस तेव्हा मी तुझ्या संचातली पाचवी काढून तिच्या जागी ही बसवली. आज सकाळी पोरींना शिकवताना तू तास-सव्वातास तीच वाजवलीस. मग मी परत बदलली."

मीही सुरी उचलली. आलं मात्र फार सोललं गेलं. आता पालापा जास्तीचा करावा लागणार.

८ ऑक्टोबर

तीन तालमी झाल्या, मांगोर्सी एकाही तालमीला आला नाही. आगुंग सारिपादा वाजवतो. दरवाजा ठोठावल्यासारखा. पोरी हसतात, त्यांचे हात चुकतात. नगराध्यक्ष ऐकायला येऊन गेले आणि जाताना म्हणाले, "अजून चार दिवस आहेत." ते धीर देत होते की मोजत होते, कळलं नाही.

निरोप मी पाठवणार नाही. तारहाता बाजारात भेटली, तिला म्हटलं, "आगुंगला गंज चढू नये म्हणावं." हा निरोप नव्हे.

१३ ऑक्टोबर

काल स्थापना दिन झाला. लिहायला बसायची ताकद आज आली.

मैदान भरून गेलं होतं. शेजारचं गाव पहिल्या रांगेत, त्यांनी आपला संच सोबत आणला होता, लागलाच तर म्हणून. सारिपादाने तो बघितला आणि त्यांना सर्वांत मऊ उशा द्यायला सांगितल्या. आमच्याकडे अपमान असा करतात.

मी कुलिंतांगसमोर बसले. मागे कोण आहे ते बघायचं नाही असं ठरवलं होतं. काठ्या उचलल्या. खांदा वर गेला असणार, कारण नेमक्या त्या क्षणी मागून आगुंगचा पहिला ठोका पडला. दरवाजा ठोठावल्यासारखा नाही. दूरवर तळ्यात होडीने वल्हं टाकावं तसा.

मग मी कसं वाजवलं मला सांगता येणार नाही. मी पुढे पळाले, तो मागून आला. मी थबकले, तोही थबकला. ठरलेल्या जागी संपवायचं ते मी संपवलंच नाही, आणखी एक फेरी घेतली. त्याला कसं कळलं कोण जाणे. ढोलवाली पोर घामाघूम होऊन आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. वीस वर्षांत पहिल्यांदा मी "हळू" म्हटलं नाही, की "आता" म्हटलं नाही.

संपल्यावर शेजारच्या गावातली एक म्हातारी माझ्यापाशी आली. म्हणाली, "आमच्या वेळी पोरापोरींनी असं वाजवलं की त्याच आठवड्यात मोठी माणसं घरी बोलणी करायला जायची."

मी म्हटलं, "आम्ही पोरं नाही."

"म्हणूनच म्हणते, आठवडाही थांबू नका."

मागे वळले तेव्हा तो आगुंगची दोरी सोडत होता. म्हटलं, "वाटी चांगली झालीय."

"कुठली?"

"पहिली," मी म्हटलं. "तिसरीही वाईट नव्हती."

तो इतका हसला की दोरी हातातून सुटली.

१५ ऑक्टोबर

नासरोदिनला फोन केला. म्हटलं, मी येत नाही. राहायला नाही, दोन ईदला येईन आणि नातवंडांना बिघडवून परत येईन.

तो मग म्हणाला, "इना, कुणी काही बोललं का तुला? मामा काही बोलला?"

"नाही रे. मला इथे काम आहे."

"पालापाचं?"

मला पुढे सांगता येईना. मुलाला अशी गोष्ट कशी सांगतात? मी खोकले. तोच म्हणाला, "मिनांगमामीने मला ऑगस्टपासून सगळं सांगितलंय. मी खोलीसाठी फक्त एवढ्यासाठी घाई करत होतो, की तू एकदाचं काहीतरी ठरवावंस." मग म्हणाला, "चांगला माणूस आहे, इना. मी लहान असताना त्याने मला एक भोवरा ओतून दिला होता."

फोन ठेवल्यावर रडले थोडी. दुःखाने नाही.

९ नोव्हेंबर

ओतारआळीतली वडीलधारी मंडळी बोलणी करायला आली. इमामसाहेब, मांगोर्सीचे चुलते, आणखी चौघं. मी आत, पडद्यामागे. मिनांग माझ्या मांडीवर जवळजवळ बसूनच ऐकत होती.

सारिपादाने बहिणीचं मोल केवढं ते पूर्वजांपासून सांगायला सुरुवात केली. पूर्वज संपेनात. शेवटी इमामसाहेबांनी त्याला मानाने विचारलं, "दातू, तुमची मागणी काय?"

"कुलिंतांग," सारिपादा म्हणाला. "पूर्ण नवा संच. आठ वाट्या. आईचा संच यापुढे कुणाच्या लग्नाला घराबाहेर जाणार नाही."

"कबूल."

"आणि आठही पहिल्या ओतकामात सुरात हव्यात. परत परत ओतायची सवय आहे म्हणे तुमच्या मुलाला."

बाहेर इतकं हसू उसळलं की चुलत्यांना पाणी द्यावं लागलं. मला आतून विचारलं गेलं, कबूल आहे का. मी म्हटलं, "हो." मिनांगने मोठ्याने परत सांगितलं, जणू माझं हो त्यांना ऐकू गेलं नसतं.

१९ जानेवारी

लग्न परवा झालं. लिहिते आहे तळ्याकाठच्या घरातून. इथे सकाळचा उजेड आधी पाण्यावर पडतो आणि मग छतावर हलतो, ते बघत बसले तर चहा थंड होतो.

निकाहनंतर आम्हाला दोघांना मंचावर सजवलेल्या खुर्च्यांवर बसवलं. नवरीने मान खाली घालून बसायचं, हलायचं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी तरी सूट मिळेल वाटलं होतं, पण सारिपादाने आधीच डोळे वटारले होते. समोर नवा कुलिंतांग, आठही वाट्या पहिल्याच ओतकामात सुरात लागलेल्या. वाजवायला माझीच शिष्या, नासरोदिनची चुलत बहीण. पोर गुणी आहे, पण माणसं बघून घाबरली आणि पळत सुटली. ढोल मागे राहिला, आगुंगवाला तिसरीकडेच.

मी सहन केलं. खरंच केलं. डोळे मिटले, दात आवळले. शेजारून मांगोर्सी हळूच म्हणाला, "पाचवीवर चुकणार आता." चुकली.

"जाऊ का?" मी विचारलं.

"तुमचा खांदा कधीच वर गेलाय."

मी उठले. दागिने, शेला सगळं सावरत खाली उतरले, पोरीच्या हातातून काठ्या घेतल्या. सारिपादा म्हणाला, "नवरी अशी उठत नाही," पण तोवर मी पहिली फेरी सुरू केली होती, आणि कुलिंतांग चालू असताना आमच्याकडे थोरला भाऊही बोलत नाही. मागे आगुंगवाला अचानक सुधारला. मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

नासरोदिनने त्याच वेळी मंचाचा फोटो काढला. दोन खुर्च्या, सोनेरी कापड, फुलं, आणि खुर्च्यांवर कुणीच नाही. तो म्हणाला हा फोटो काढून टाकतो. मी म्हटलं, हाच मोठा करून भिंतीवर लाव. आम्ही दोघं त्यातच आहोत.